शब्बाथच्या घड्याळाची खुंटी

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण ओस्नातला मराठी येत नाही. ओस्नात माझी भावजय, माझ्या भावाची, हनोखची बायको. माझ्याकडची एवढी एकच गोष्ट तिच्या हाती लागायची राहिली आहे. बाकी आमच्या आईचा नारळाच्या दुधातला चिकाचा हलवासुद्धा ती आता करते, आणि लोक माझ्या तोंडावर सांगतात, "सगुला, रागावू नकोस, पण तुझ्यापेक्षा हिचा बरा होतो."

झालंय असं, की बेरशेवाच्या त्या गटाला यंदा तीस वर्षं होतात. ऐकू न येणाऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या तरुण मुलामुलींचा गट. तेव्हाचे तरुण आता गुडघे धरून जिने चढतात, त्यांच्या जागी नवी मुलं आली आहेत. तर तीस वर्षांचं एक पुस्तक काढायचं आणि प्रत्येक जुन्या माणसावर एकेक पान द्यायचं, असं ठरलं. ओस्नात मला म्हणाली, "हनोखवर तूच लिही. तू त्याला माझ्या आधीपासून ओळखतेस."

बघा, किती मोठं मन! जिंकलेल्या माणसाला मोठं मन ठेवायला काय लागतं? मी हिब्रूत एक पान लिहून दिलं. जन्म दिमोना, धंदा दातांच्या कवळ्या करण्याचा, मुलं तीन, स्वभाव शांत. ते छापून येईल. त्यात जे घातलं नाही ते इथे लिहिते.

आम्ही रोहेकर, कोकणातले यहुदी. मी सात वर्षांची असताना आईवडील रेवदंड्याहून दिमोनाला आले. हनोख इथे जन्मला, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तीन वर्षांचा असताना त्याला ताप आला. ताप उतरला, पोरगा उठून बसला, आणि आईने मागून हाक मारली तर वळला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "याच्याशी हातवारे करून बोलू नका. हातवारे शिकला तर कधी तोंड उघडणार नाही." आईने हे असं मनावर घेतलं, जणू सिनाय डोंगरावरून देवाच्या दहा आज्ञांमागोमाग अकरावी उतरली. पाण्याच्या माठाकडे त्याने बोट दाखवलं तर ती पाठ फिरवायची. "पाणी" म्हणाला तरच पाणी. आणि बोलायला शिकवायचं कोणी? बाबा कापडाच्या कारखान्यात पाळीवर, आईला हिब्रूचं अक्षर येत नव्हतं. राहिले मी.

मी त्याला आरशासमोर घेऊन बसायची. प म्हणताना ओठांपुढे कागदाचा कपटा धरायचा, तो उडाला पाहिजे. ग म्हणताना त्याचा हात माझ्या गळ्यावर ठेवायचा, म्हणजे आतली घरघर त्याच्या बोटांना लागे. आधी मराठी, मग हिब्रू. तापानंतर त्याचं बोलणंही गेलं होतं. पाच महिन्यांनी त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "ताई". "आई"च्या आधी "ताई"! आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आमच्या घरात मत्सर असा आईकडून लेकीकडे येतो, बांगड्या आल्या नाहीत तरी चालेल.

त्यानंतरची वीस वर्षं मी त्याचे कान होते आणि बाहेरच्या जगासाठी त्याचं तोंडही. दवाखाना, टपाल, शाळा, पुढे नोकरी, सगळीकडे मी. त्याचं बोलणं परक्याला कळत नसे, मला कळे. लोक त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून विचारत, "त्याला काय हवंय?" आणि मी सांगे. मला ते आवडायचं. आज साठी उलटल्यावर खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. मला दोन स्थळं सांगून आली. पहिला मला पसंत नव्हता. दुसरा, अश्दोदचा, पसंत होता. त्यालाही मी नाही म्हटलं, आणि वर लोकांना सांगत फिरले, "मी गेले तर हनोखचं कोण बघणार?" लोक म्हणायचे, काय बहीण आहे! मी मान खाली घालून ते ऐकायची आणि घरी येऊन मनात पुन्हा ऐकायची.

हनोख मोठा होऊन दातांच्या कवळ्या करायला लागला. बेरशेवाच्या एका प्रयोगशाळेत त्याला काम मिळालं. लहानपणापासून लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघण्यात जन्म गेला, तर धंदाही तोच निवडला, असं तो स्वतःच म्हणायचा. हात बारीक कामाचे. त्याने केलेली कवळी घालून आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या साल्टूनने अक्रोड फोडून दाखवला होता.

तो तेवीस वर्षांचा असताना एकदा कामावरून येताना खिशात एक कागद घेऊन आला. दर गुरुवारी संध्याकाळी अमुक रस्त्यावरच्या तळघरात ऐकू न येणाऱ्यांची बैठक, या. "ताई, चल," तो म्हणाला. मला बरं वाटलं. मला घेतल्याशिवाय जायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

ते तळघर म्हणजे लढाईत लपायचं. शांततेच्या दिवसांत नगरपालिका अशी तळघरं मंडळांना देऊन टाकते. दारावर घंटेऐवजी दिव्याचं बटण होतं. बाहेर बटण दाबलं की आत पिवळा दिवा उघडझाप करी. आत सात-आठ जण, काळी कॉफी, सूर्यफुलाच्या बिया. कोणी हातांनी बोलत होतं, कोणी तोंडाने, कोणी दोन्हींनी. बिया सोलताना हात अडकतात म्हणून मध्येच सगळे गप्प, आणि एकदम सगळ्यांना बोलायचं असलं की टेबलावर सालींचा पाऊस. हनोखच्या शेजारी मी खुर्ची ओढली. तेवढ्यात एक बुटकी, सावळी मुलगी आली, दोन्ही कानांमागे यंत्रं, नखांत माती. रोपवाटिकेत कामाला होती, मोरोक्कोकडच्या घरातली. ही ओस्नात. गट तिनेच सुरू केलेला. तिला थोडं ऐकू यायचं आणि ती बोलायचीही स्वच्छ.

"तू ऐकणारी ना?" तिने मला विचारलं.

"हो, मी त्याची बहीण. तो काय म्हणतो ते मी तुम्हाला सांगते."

ती हसली. पुढच्या दोन दातांत ही फट! "नको, आम्ही घेऊ समजून. तुला कंटाळा आला तर वर बाक आहे."

वर बाक आहे! माझ्या वीस वर्षांचं मोल त्या बयेने एका बाकावर नेऊन ठेवलं. मी बाकावर गेले नाही, हट्टाने तिथेच बसून राहिले, आणि दोन तास माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. वाईटपणाने नव्हे, कोणाला गरजच पडली नाही. हनोख मात्र हसत होता. घरी तो ओठ मिटून हसायचा, कारण लहानपणी मीच सांगितलं होतं, आवाज मोठा येतो, लोक बघतात. तिथे तो तोंड उघडून हसत होता आणि कोणी बघत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तो एकटा गेला. तीन महिन्यांत त्याचे हात बोलायला लागले. मी पाच महिने कपटे उडवले तेव्हा एक शब्द निघाला होता! गटाने त्याला नावही दिलं. तिथे प्रत्येकाचं एक हाताचं नाव असतं, आणि ते आपण आपलं घ्यायचं नसतं, बाकीच्यांनी द्यायचं असतं. हनोखचं नाव नखाने पुढच्या दातावर टकटक. ओस्नातचं नाव तळहातावरची माती झटकल्यासारखं. जेवताना तो सहज हात झटकायचा आणि हसायचा. आईला वाटे मीठ सांडलं. मला कळायचं काय सांडलंय ते.

गटात एक खेळ होता, आठवड्याचा अपमान. ऐकू न आल्यामुळे आठवड्यात ज्याची सगळ्यात वाईट फजिती झाली असेल त्याने ती सांगायची, आणि जिंकेल त्याला केकचा शेवटचा तुकडा. एव्यातार नावाचा एक धार्मिक शाळेतला मुलगा होता, तो दवाखान्यात तीन तास बसून राहिला, नाव पुकारलेलं कळलंच नाही. शेवटी फरशी पुसणाऱ्या बाईने त्याच्या पायाखालून फडकं फिरवलं आणि खूण केली, "भाऊ, कुलूप लावायचंय." या गोष्टीवर तो जिंकला होता. रडण्याच्या गोष्टी सांगून हसायचं, असा त्यांचा सगळा कारभार.

एकदा बाजारात ओस्नात भेटली. "तुझा भाऊ गेल्या गुरुवारी जिंकला," ती म्हणाली.

"कशावर?"

"फलाफलवर. दहा वर्षं तू त्याला फलाफल घेऊन देतेस, आणि गाडीवाला विचारतो, तिखट घालू का? आणि तू म्हणतेस, त्याला तिखट नको. त्याला हवं असतं गं! दहा वर्षं! आम्ही हसून हसून पडलो."

मी भाजी तिथेच टाकून घरी आले. रोहेकरांच्या पोराला तिखट नको, हे मी कशावरून ठरवलं होतं, देव जाणे. लहानपणी एकदा त्याचं पोट बिघडलं होतं एवढंच. पण राग मला त्याचा नव्हता आला. त्याने हे तिला आधी सांगितलं होतं, त्याचा आला होता.

"तिखट हवं होतं तर बोलला का नाहीस?" मी त्याला दारातच धरलं.

"तू मला बोलू कधी दिलंस, ताई?" तो म्हणाला. शांतपणे म्हणाला. दात घासायला निघून गेला.

त्यानंतर गटातल्या एकेका गोष्टीने माझ्या पोटात दुखायला लागलं. एव्यातारला नोकरीच्या मुलाखतीत काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून शिकवलं, तर मला वाटे, हनोखला मी एकटीने शिकवलं होतं, मला कुठे कोणी केक दिला? कोणाचं यंत्र बिघडलं की ओस्नात अश्केलोनपर्यंत जाऊन दुरुस्त करून आणे, तर मी म्हणे, मिरवायला हवंय. आई म्हणाली, "सगू, जळू नकोस. चांगली पोरगी आहे." मी म्हटलं, "मी कुठे जळते? मला काय पडलंय?" आई म्हणाली, "धूर दिसतोय म्हणून म्हटलं."

हिवाळ्यात गटाने ठरवलं, एक शब्बाथ, आमचा शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, सगळ्यांनी एकत्र काढायचा, आणि या वेळी हनोखच्या घरी, दिमोनाला. अकरा जण येणार. बुधवारी ओस्नातचा फोन आला. तिच्या फोनला आवाज वाढवायचं बटण होतं, आणि ती स्वतःही ओरडूनच बोलायची.

"त्याला सांग, ती खोली रविवारपर्यंत आपली आहे, मग मालक दुसऱ्याला देणार!"

"कुठली खोली?"

 मग ती म्हणाली, "तुला अजून बोलला नाही का? बेरशेवात एव्यातारबरोबर खोली घ्यायचं चाललंय. कामाच्या जवळ. पण तो अजून हो म्हणत नाही, तुझ्यासाठी अडलाय. शुक्रवारी जेवणं झाली की आम्ही सगळे त्याच्याशी बोलणार आहोत. सगुला, तू रागावलीस का?"

"छे," मी म्हटलं, "मी कशाला रागावू?"

आमचं शब्बाथचं घड्याळ विजेच्या फळीवर बसवलेलं होतं. एक गोल चकती, तिच्या कडेला पाव-पाव तासाच्या बारीक खुंट्या. ज्या वेळची खुंटी आत दाबाल त्या वेळी घरातले दिवे आपोआप जातात. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते लावून ठेवायचं, आणि एकदा शब्बाथ लागला की शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत त्याला किंवा दुसऱ्या कुठल्या बटणाला हात लावायचा नाही. ते लावायचं काम बाबा गेल्यापासून माझं. दर शुक्रवारी अकराची खुंटी.

त्या शुक्रवारी दुपारी पाहुणे आले, आई मासळीच्या आमटीला फोडणी देत होती, आणि मी फळीपुढे उभी राहिले. अकराची खुंटी बाहेर ओढली आणि साडेसातची आत दाबली. न्हाणीघराचा दिवा या घड्याळावर नव्हता, तो आम्ही शब्बाथ लागायच्या आधीच लावून ठेवायचो, तो रात्रभर जळे. त्या दिवशी मी तो लावला नाही. विसरले नाही. लावला नाही. थंडीचं निमित्त करून खिडक्यांच्या झडपाही खाली ओढल्या. माझा हिशेब सोपा होता. हातांनी बोलणाऱ्यांना उजेड लागतो. अंधार झाला की यांची तोंडं बंद. सगळे मुकाट झोपतील, शनिवार असाच जाईल, आणि रविवारी खोली दुसऱ्याची.

दिवे लागले, प्रार्थना झाली, जेवणं झाली. हनोखने आमटीवर दोन हिरव्या मिरच्या चुरल्या आणि माझ्याकडे बघून तिसरीही चुरली. आई थकली होती, ती आत जाऊन पडली. आईने लावलेल्या तेलाच्या वाती एकेक करून विझल्या. गाणी झाली, म्हणजे त्यांची गाणी, टेबलावर तळहात आपटून. मग ओस्नातने टेबलापलीकडे हनोखसमोर खुर्ची ओढली, बाकीचे भोवती सरकले, आणि तिने हात उचलले.

साडेसात झाले.

अंधार इतका दाट पडला की मला माझाच हात दिसेना. पहिल्यांदा कोणीतरी दचकून आवाज केला. मग खुर्च्या सरकल्या. मी घड्याळाच्या फळीला पाठ टेकून उभी. मनात म्हटलं, आता बोला! आता या खोलीत ऐकू येणारी, बोलता येणारी मी एकटी. आता कोणाला काही हवं असेल तर सगुलाला विचारावं लागेल.

आणि मग ती मंडळी हसायला लागली. मोठमोठ्याने, सैल, अंधारात. कपड्यांची सळसळ झाली. हातावर हात पडल्याचे बारीक आवाज यायला लागले, इथून, तिथून, सगळीकडून. कळायला मला वेळ लागला. ते एकमेकांचे हात धरून, हातांतल्या हातांत बोलत होते. एकटा एव्यातार गप्प होता, परक्या बाईचा हात हाती लागेल म्हणून दोन्ही हात खिशात घालून तो दाराशी उभा होता, हे मला मागून कळलं. बाकी सगळे बोलत होते. ओस्नातची ती नाकातली हसण्याची लकब मला ऐकू आली, आणि तिच्या अगदी जवळून हनोखचं हसणं. उजेडात ती दोघं टेबलाच्या अल्याड-पल्याड होती. मी दिवा घालवला आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात नेऊन दिले! त्या खोलीत सगळं ऐकू येत होतं ते मला, आणि एक अक्षर कळत नव्हतं तेही मलाच.

एवढ्यात कोणीतरी माझा हात धरला. मी ओळखला. मेणाचा आणि प्लास्टरचा वास, अंगठ्यावर करवतीची जुनी खूण. हनोख. त्याने माझा तळहात उघडला, त्यावर बोट टेकवून एक वळसा घेतला, आणि थांबला.

मला कळेना. पुन्हा त्याने तसंच केलं. बोट, वळसा, आणि थांबला.

"हनोख, मी आहे रे, ताई!" मी मोठ्याने म्हटलं. आणि म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. माझे शब्द तो डोळ्यांनी घ्यायचा. मी त्यांच्या हातांवरचा दिवा काढला, तसा माझ्या ओठांवरचाही काढला होता. वीस वर्षं रोज त्याच्याशी बोलणाऱ्या मला खुंटी दाबताना हे सुचलं नाही.

तिसऱ्यांदा त्याने माझ्या तळहातावर वळसा घेतला. लहानपणासारखा त्याचा हात उचलून माझ्या गळ्यावर ठेवला असता, "ताई" म्हटलं असतं, तर त्याच्या बोटांना कळलं असतं. माझ्या मनात आलंही होतं. पण मी घड्याळाच्या फळीला पाठ लावून उभी होते, आणि मग त्याला हेही कळलं असतं. मी हात तसाच लुळा ठेवला. तो आणखी थोडा थांबला. मग त्याने माझा हात हळूच खाली सोडला आणि पुढच्याकडे गेला.

थोड्या वेळाने दार उघडलं. त्यांनी पांघरुणं गुंडाळली आणि सगळे जिन्याने खाली गेले. रस्त्यावरच्या खांबाखाली, वाळू उडत होती त्या थंडीत, अकरा जण आणि माझा भाऊ. मी झडप वर ओढून खिडकीतून बघत राहिले. ओस्नात बोलली, एव्यातारही खिशातून हात काढून बोलला.  मग हनोखने हवेत किल्ली फिरवली. ते कळायला कुठलीही भाषा यावी लागत नाही.

मागे आई येऊन उभी राहिली होती. "सगू, दिवे कसे गेले गं?"

"घड्याळ बिघडलं असेल."

"घड्याळ?" आई म्हणाली. "दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापलंस, बाई." आणि चाचपडत परत आपल्या खोलीत गेली.

हनोख महिन्याच्या आत बेरशेवाला गेला. घड्याळाबद्दल तो काही बोलला नाही. मी त्याच्या बिऱ्हाडी पाऊल ठेवलं नाही. ओस्नातचे फोन आले की आईला सांगायची, मी घरात नाही म्हण. पण तो वळसा काही तळहातावरून जाईना. भाकरी थापताना, कपडे पिळताना, बोट टेकवून एक वळसा. वीस वर्षांत त्याने मला सांगितलेली आणि मला न कळलेली ती एकच गोष्ट होती. घरात कोणाला विचारणार? ज्यांना विचारायचं त्यांचंच तोंड बघायचं नव्हतं.

चार महिने मी कळ काढली. मग एका गुरुवारी बस पकडली, तळघराच्या पायऱ्या उतरले आणि बटण दाबलं. आत पिवळा दिवा उघडझाप झाला असणार. दार ओस्नातने उघडलं. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. तिचा मातीने माखलेला हात ओढला, तळहातावर बोट टेकवलं आणि वळसा काढला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"हे? हे 'कोण?'" ती म्हणाली. "इथली वीज गेली की आम्ही हेच विचारतो. ज्याचा हात असेल त्याने हातावर आपलं नाव द्यायचं."

माझा चेहरा बहुतेक उतरला. मी म्हटलं, "म्हणजे त्याला माझा हात ओळखू आला नाही?"

ओस्नातने आत एकदा हनोखकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आला की," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांना त्याने एकदाच विचारलं होतं. तुला तीनदा."

 मला ओस्नातने धरून आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. मी रडत होते आणि ती माझ्यासमोर बियांची वाटी सरकवत होती. माझा तिच्यावरचा राग तेवढ्यानेही गेला नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

"माझ्याकडे द्यायला नाव कुठे होतं?" मी म्हटलं. हे मी हनोखकडे तोंड करून म्हटलं, त्याला दिसेल असं.

तळघरात सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एव्यातार जमिनीकडे बघायला लागला. मग हनोखने हात वर केला, अंगठा पुढे केला आणि हवेतली एक बारीक खुंटी टकन आत दाबली.

"तुझं नाव," तो तोंडाने म्हणाला, मराठीत. "त्या शुक्रवारपासून."

सगळ्यांनी मिळून ती खुंटी दाबून दाखवली. सगळ्यांना ठाऊक होतं! चार महिने माझ्या पाठीमागे माझं नाव चाललं होतं. माझे कान तापले. उठून चालतं व्हावं असं वाटलं. पण ओस्नात टेबलावर हात आपटून म्हणाली, "यापेक्षा मोठा अपमान कोणाचा झालाय का या आठवड्यात?" कोणाचा झाला नव्हता. केकचा शेवटचा तुकडा माझ्यापुढे आला. मी तो सगळाच्या सगळा खाल्ला. ओस्नातला हवा का, विचारलंही नाही.

पुढे तिचं नि हनोखचं लग्न झालं. मी हातांची भाषा शिकले, वाईट शिकले, पण शिकले. दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जाते. फलाफल आणला तर गाडीवाला हनोखला विचारतो आणि मी दुसरीकडे बघते. घड्याळ मात्र मला लावू देत नाहीत.

जेवणं आटोपली, गाणी झाली, की त्यांच्या घड्याळाने दिवे जातात. मुलं हसतात, खुर्च्या सरकतात. मग एक हात येतो, मेणाचा वास येतो, आणि माझ्या तळहातावर बोट एक वळसा घेतं. मी त्याचा हात धरते आणि त्याच्या तळहातावर अंगठ्याने खुंटी दाबते.

गेल्या शुक्रवारी त्याने ओस्नातच्या आधी मला विचारलं. हे त्या हिब्रू पानात नाही.